शुक्रवारचा तो तास

प्रश्न: अकरा वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात होते. चार महिन्यांपूर्वी कपात झाली, त्यात माझी जागा गेली. पैसे सगळे वेळेवर मिळाले, तक्रार नाही. शेवटच्या दिवशी आमचे सर लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ‘नव्या आर्थिक वर्षात जागा निघणार आहे, ती तुमचीच समजा. बाहेर घाईने काही धरू नका.’ नंतर दोनदा स्वतःहून फोन करून त्यांनी हेच सांगितलं. सर शब्दाचे पक्के आहेत, आमचं कधी वाजलं नाही. तशी मी अजूनही दर शुक्रवारी दुपारी तासभर बसून पुरवठादारांच्या खात्यांचा मेळ घालून देते, त्या विभागातल्या नव्या मुलाला ते जमत नाही. दुसरीकडून मुलाखतीला बोलावणं आलंय, ते मी दोनदा पुढे ढकललं. नवरा म्हणतो, थांबण्यात अर्थ नाही. बहीण म्हणते, ओळखीची जागा सोडू नकोस. सरांच्या शब्दावर विश्वास ठेवू का?

उत्तर: तुमचं पत्र तीनदा वाचलं. सरांबद्दल भरपूर लिहिलंयत. लिफ्ट, फोन, त्यांचा स्वभाव, सगळं. शुक्रवारबद्दल मात्र एकच वाक्य, आणि त्याची सुरुवात ‘तशी’ने. आपण ‘तशी’ म्हणतो तेव्हा पुढची गोष्ट सांगायचीही असते आणि तिच्याकडे कुणी फार बघू नये असंही वाटत असतं. मी त्या वाक्याकडेच बघत बसले.

जागा रद्द झाली याचा अर्थ काय? ते काम आता नको आहे, किंवा आहे त्या माणसांत वाटून घेता येईल, असं कंपनीने ठरवलं. तुमच्या बाबतीत दोन्ही खरं ठरलेलं नाही. काम हवंच आहे. आहे त्या माणसांना ते जमत नाही. ते तुम्हीच करताय, घरी बसून, बिनपगारी. आता सांगा, सर वरच्या साहेबांकडे जाऊन जागा मागणार ती कशाच्या जोरावर? खात्यांचा मेळ बसतोय. पुरवठादार पैशांसाठी ओरडत नाहीत. महिनाअखेर वेळेत होतेय. जागेला मंजुरी देणारा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो की, हा माणूस नाही म्हणून अडलंय कुठे? त्यावर ‘कुठेच नाही’ हे उत्तर तुम्ही दर शुक्रवारी स्वतःच्या हाताने तयार करून पाठवताय.

मला तुमचा राग येतोय, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. अकरा वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांच्या खात्यातला एकेक फरक शोधून काढला, तिला स्वतःच्या खात्यातला हा फरक दिसू नये?

सर खरे की खोटे, यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. मनापासून बोलत असतील. पण चार महिन्यांपूर्वी ज्या खुर्चीत बसून त्यांना तुमची जागा वाचवता आली नाही, त्याच खुर्चीत ते आजही आहेत. जागा काढणं त्यांच्या एकट्याच्या हातात नसतं. बजेट वरून येतं, मंजुरी वरून येते, पत्र एचआर काढतं. त्यांच्या हातात जे होतं ते एवढंच की, त्या मुलाला शिकवायचं, किंवा ‘हे काम आमच्याकडून होत नाही’ असं वर लेखी कळवायचं. दोन्ही त्यांनी केलं नाही, कारण तुम्ही आहात. आणि ‘बाहेर घाईने काही धरू नका’ हे वाक्य चांगल्या मनाच्या माणसाने म्हटलं तरी त्याची किंमत तुम्हीच मोजताय. त्यांचा पगार चालू आहे.

आणखी एक. त्या फाइली तुमच्याकडे येतात कशा? तुमच्या खासगी मेलवरच येत असणार, दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही. म्हणजे कंपनीचे आकडे कंपनीत नसलेल्या माणसाकडे जातात आणि बदलून परत येतात, आणि त्याची कुठे नोंद नाही. उद्या एखाद्या पुरवठादाराला दोनदा पैसे गेले तर विचारणा कोणाला होईल? त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलायला लिफ्टपाशी झालेलं बोलणं उपयोगी पडणार नाही. तोंडी कबुलीही पुष्कळ ठिकाणच्या कायद्यात करार धरली जाते, हे खरं. पण ती सिद्ध करायची असते, आणि ‘जागा निघेल, ती तुमचीच समजा’ यात ना पद आहे, ना पगार, ना तारीख. सिद्ध करायचं तरी काय?

आता रागाच्या मागचं बोलते. तुम्ही तो तास सरांसाठी देत नाही, त्या मुलासाठीही नाही. १९३१च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल नावाच्या गावात काही अभ्यासक जाऊन राहिले होते. गाव एका कापड गिरणीवर जगत होतं आणि ती गिरणी बंद पडली होती. लोकांकडे अचानक वेळच वेळ आला. आता वाचतील, फिरतील असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात वाचनालयातून जाणारी पुस्तकं कमी झाली, माणसं रस्त्याने हळू चालायला लागली, आणि दिवसभर काय केलंत असं विचारलं तर पुरुषांना नीट सांगता येईना. पगाराबरोबर दिवसांचा आकारही गेला होता. मारी याहोडा या त्यातल्या एक अभ्यासक. त्यांनी पुढची कित्येक वर्षं हाच विषय धरून ठेवला. मला वाटतं, तुमच्या आठवड्याला आज एकच खुंटी उरली आहे, शुक्रवार दुपार. त्या तासात तुम्ही अजून त्या विभागातल्या असता. कुणाला तरी तुमच्यावाचून अडलेलं असतं. ते सुटेल याची भीती वाटणं मला पूर्ण समजतं. बाई, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या खुंटीला बांधून घेऊन तुम्ही दुसरीकडचं बोलावणं दोनदा परतवलंयत.

म्हणून माझं सांगणं एकच. या शुक्रवारी तो मेळ घालायचा नाही. पुढच्याही नाही.

न सांगता गप्पही बसायचं नाही. गुरुवारी सरांना मेल करा आणि एचआरलाही त्यात ठेवा. चार ओळी पुरतात: ‘माझी नोकरी संपल्यानंतरही मी खात्यांच्या मेळाचं काम पाहत होते, ते आजपासून थांबवत आहे. माझ्याकडच्या फाइली मी काढून टाकल्या आहेत. माझ्या कामाची जागा पुन्हा भरणार असाल, तर परत यायची माझी इच्छा आहे. तसा निर्णय झाल्यास पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि आधीची सेवा धरली जाणार का, हे लेखी कळवावं.’ शेवटचा मुद्दा गाळू नका, नाहीतर अकरा वर्षांनंतर पुन्हा प्रोबेशनवर बसाल.

‘परत यायची माझी इच्छा आहे’ हे वाक्य मी मुद्दाम घातलंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९८२ सालची एक शिफारस आहे, क्रमांक १६६. आर्थिक कारणांनी ज्यांना कमी केलं, त्यांना मालक पुन्हा तशा माणसांची भरती करताना अग्रक्रम मिळावा, असं ती म्हणते. ती स्वतः कायदा नव्हे, आणि देशोदेशीचे नियम वेगळे. पण कामगाराच्या बाजूने लिहिलेल्या त्या कागदातही एक अट आहे, ती म्हणजे परत यायची इच्छा त्या माणसाने ठरलेल्या मुदतीत कळवलेली असावी. तुम्ही ती कंपनीला कधी कळवलीत? चार महिने फक्त सर बोलताहेत आणि तुम्ही मान डोलावताय.

सर दुखावतील, असं तुमच्या मनात आलंच असेल. येऊ दे. शब्दाचे पक्के असतील तर हा मेल त्यांच्या कामाचाच आहे, तो हातात घेऊन त्यांना वर जाता येईल. त्यांनी फोन करून ‘असं एचआरला कशाला लिहिलंत’ म्हटलं, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला त्याच फोनवर मिळेल.

आणि मुलाखतवाल्यांना आजच फोन करा. दोनदा पुढे ढकलल्याबद्दल सरळ माफी मागा, कारणं देत बसू नका. वेळ विचारली तर शुक्रवार दुपारची सांगा. तुम्ही तिथे बाहेर बसलेल्या असताना फोन वाजेल, तो त्या मुलाचा असेल. त्याला प्रेमाने सांगा, ‘मी आता तिथे नाही रे, सरांना विचार.’ आणि फोन बंद करून आत जा.