पगारी घोडेकाम आणि हौशी दर्जा

प्रश्न : मुलगी अमेरिकेत शिकते, वय १७. पागेतल्या पगारी कामाने तिचा हौशी स्वाराचा दर्जा जाईल का?

उत्तर : सध्या तरी नाही. तिथल्या अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे यूएसईएफच्या स्पर्धांत हौशीपणाची अट १८ वर्षांनंतर लागते. मात्र वय १ डिसेंबरला मोजून ते वर्षभर धरतात. वाढदिवसावर विसंबू नका.

पुढे खरारा, लीद काढणे, खोगीर चढवणे, घोड्यांची वाहतूक अशा मोतद्दारीचा पगार चालतो. दुसऱ्याचा घोडा फेरणे, तयार करणे, स्पर्धेत उतरवणे किंवा धडे देणे यांचे पैसे घेतले की ती व्यावसायिक. रोख रक्कमच लागते असं नाही; घोड्याच्या ठाणभाड्यात सूट किंवा फुकट शिकवणी हाही मोबदलाच.

घोळ होतो तो मिश्र कामात. पगार झाडलोटीचा म्हणायचा आणि मालकाचे चार घोडे रोज फेरायचे, ही पळवाट टिकत नाही. नेमकं काम करारात लिहून घ्या, तासांची नोंद ठेवा. एकदा दर्जा गेला, तर तो परत मागण्याआधी व्यावसायिक काम वर्षभर बंद ठेवावं लागतं. महाविद्यालयीन संघांचे नियम निराळे. ते स्वतंत्र तपासा.