१९४१ मध्ये बेसबॉलपटू टेड विल्यम्सची सरासरी आधीच ०.४०० होती, मग हंगामाच्या शेवटच्या दिवशी खेळण्यात धोका काय होता?

धोका खराच होता. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे हिट (चेंडू मारून सुरक्षित बेस गाठणं) भागिले अ‍ॅट-बॅट (फलंदाजीची मोजली जाणारी पाळी). क्रिकेटसारखं धावा भागिले बाद नाही. वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस, मिळाला तर तो अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत.

२८ सप्टेंबरच्या सकाळी बोस्टन रेड सॉक्सच्या विल्यम्सचे ४४८ अ‍ॅट-बॅटमध्ये १७९ हिट होते, म्हणजे ०.३९९५५. तीन स्थळांपर्यंत पूर्णांकित केलं की ०.४००. व्यवस्थापक जो क्रोनिनने त्याला बाहेर बसण्याची मुभा दिली, पण तो फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर त्या दिवसाचे दोन्ही सामने खेळला. आठ अ‍ॅट-बॅटमध्ये तीनच हिट मिळाले असते तर आकडा ०.३९९ वर घसरला असता. किमान चार हवे होते. त्याने पहिल्या सामन्यात पाचपैकी चार आणि दुसऱ्यात तीनपैकी दोन मारले. शेवटी ४५६ मध्ये १८५, म्हणजे ०.४०६.

एक गोष्ट हमखास निसटते. झेल जाऊनही धाव आली, म्हणजे सॅक्रिफाइस फ्लाय झाला, तर आज तो अ‍ॅट-बॅट धरत नाहीत. १९४१ मध्ये धरायचे. आजच्या नियमाने त्याचा आकडा आणखी वर गेला असता.

एवढं करूनही अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला यँकीजचा जो डिमॅजिओ. त्याने सलग ५६ सामन्यांत हिट मारले होते, शिवाय त्याचा संघ विजेता होता. फक्त फलंदाजी तोलायची तर माझं मत विल्यम्सला.