नॉन-लिनियर एडिटिंग म्हणजे नेमकं काय, आणि शून्यापासून शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ‘नॉन-लिनियर’चा अर्थ काय, आधी कुठलं सॉफ्टवेअर शिकावं, आणि साध्या लॅपटॉपवर हे जमेल का. मी टेपवर एडिटिंग शिकलो आणि नंतर संगणकावर आलो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला जरा जास्त वेळ देतो. तो नीट समजला की उरलेले दोन बरेच सोपे होतात.

टेपवर काम करताना दोन मशीनं असायची. एकावर मूळ टेप लावायची, दुसऱ्यावर हवा तेवढा तुकडा उतरवायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सगळं ओळीनं. बारा मिनिटांचं काम पुरं झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला चार सेकंदांचा एखादा शॉट घालायचा ठरला, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे. फिल्मवाल्यांना मात्र ही अडचण कधीच नव्हती. फिल्म कापायची, मध्ये तुकडा चिकटवायचा, झालं. ती मोकळीक टेपमुळे गेली आणि संगणकामुळे परत आली. ओळ न पाळता हवं तिथे हवा तो शॉट घालता येणं, हेच नॉन-लिनियर. १९७१मध्ये आलेलं सीएमएक्स ६०० हे पहिलं नॉन-लिनियर यंत्र मानलं जातं. त्यात चित्र कृष्णधवल आणि अगदी हलक्या दर्जाचं दिसायचं, पण कुठल्याही शॉटवर लगेच उडी मारता यायची. १९८९मध्ये अ‍ॅव्हिड ही संगणकावर एडिटिंग करायची यंत्रणा आली आणि पुढच्या काही वर्षांत टेपची ओळ मोडली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुम्ही टाइमलाइनवर (म्हणजे जिथे क्लिप क्रमानं मांडतात त्या पट्टीवर) क्लिप कापता तेव्हा मूळ फाइलला धक्काही लागत नाही. प्रोजेक्टमध्ये फक्त सूचना साठतात: अमुक फाइल घे, या फ्रेमपासून त्या फ्रेमपर्यंत दाखव, अमुक जागी ठेव. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे काहीही करून बघायला घाबरू नका. टाइमलाइनची प्रत काढा आणि तिच्यावर हवे ते प्रयोग करा. दुसरी म्हणजे फाइल जिथे आहे तिथेच राहिली पाहिजे, तिचं नावही बदलता कामा नये. ही दुसरी गोष्ट मी किंमत मोजून शिकलो. काम द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी ड्राइव्ह ‘आवरायला’ घेतला आणि फोल्डर इकडचे तिकडे केले. टाइमलाइनवर सगळीकडे ‘मीडिया ऑफलाइन’, म्हणजे फाइल सापडत नाही. पुन्हा जोडायला गेलो तर कॅमेऱ्याच्या दोन मेमरी कार्डांवर एकाच नावाच्या फाइली होत्या, कारण कॅमेऱ्यानं नव्या कार्डावर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले होते. कित्येक ठिकाणी भलतेच शॉट येऊन बसले. ते सोडवण्यात अख्खी रात्र गेली. तेव्हापासून प्रत्येक कार्डाचा वेगळा फोल्डर करतो, त्याला तारखेचं नाव देतो आणि दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत काढल्याशिवाय एडिटिंगला बसत नाही.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर आहे. लॅपटॉप जुना असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह बघा. दोन्ही मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. एक निवडलं की निदान तीन महिने बदलू नका. बिन (क्लिप ठेवायची जागा), क्लिप बघायची खिडकी, टाइमलाइन आणि तयार होणारं चित्र, हे चार भाग जवळपास सगळीकडे सारखेच असतात. माउस सोडून जे-के-एल या कळांनी मागे-पुढे जायला आणि आय-ओ नं सुरुवात-शेवट ठरवायला पहिल्या आठवड्यातच शिका. मग इन्सर्ट आणि ओव्हरराइट यांतला फरक हातात बसवा: इन्सर्ट पुढचं सगळं सरकवून जागा करतं, ओव्हरराइट आहे त्याच्यावर बसतं. रिपल डिलीट तुकडा काढून पुढचं मागे ओढतं. आणि स्लिप! क्लिपची जागा आणि लांबी तीच राहते, फक्त आतला भाग पुढे-मागे होतो. नवशिके याच्याकडे फिरकत नाहीत, मी मात्र दिवसातून पन्नास वेळा वापरतो.

आता लॅपटॉपचं. फोन आणि बरेच कॅमेरे एच.२६४ सारख्या, व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रकारात रेकॉर्ड करतात. त्यात काही फ्रेमच पूर्ण असतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून मधली एखादी फ्रेम दाखवायला संगणकाला आजूबाजूच्या फ्रेमही उलगडाव्या लागतात आणि टाइमलाइन अडखळते. यावर उपाय प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या केलेल्या हलक्या प्रती. शेवटी एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढणं, मूळ फाइलींवरूनच होतो. साठवणुकीचा हिशोब मात्र आधी करा: १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दरानं एका तासाला सुमारे ४५ जीबी लागतात. फोनवरच्या चित्रीकरणात फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, बऱ्याचदा कमी-जास्त होत असतो. त्यामुळे ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. अशी फाइल आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. प्रोजेक्टचा फ्रेम रेट (२४, २५ किंवा ३०) फुटेज बघून सुरुवातीलाच ठरवा. काही सॉफ्टवेअरमध्ये फुटेज आत घेतल्यावर तो बदलता येत नाही.

आणि आता सराव, ज्यातून माणूस खरा शिकतो. ओळखीच्या दोघांना एका विषयावर दहा मिनिटं बोलू द्या. आधी दोघं एकत्र, मग एकेकाचा चेहरा, असं तीनदा चित्रित करा. यातून एक मिनिटाचं संभाषण काढा. फक्त सरळ कट. डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळवणं) नाही, संगीत नाही, रंगकाम नाही. पहिल्यांदा तुम्ही बोलणाऱ्यावर कट कराल, बोलणं संपलं की दुसऱ्यावर. ते टेनिसच्या सामन्यासारखं वाटेल. मग आवाज आणि चित्र वेगळे करा. पुढच्या माणसाचा आवाज त्याच्या चित्राआधी अर्धा सेकंद येऊ द्या, याला जे-कट म्हणतात. किंवा बोलणाऱ्याचा आवाज चालू ठेवून ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवा, हा एल-कट. एवढ्यानं संभाषण जिवंत होतं, कारण आपण प्रत्यक्षातही बोलणाऱ्याकडे एकटक बघत नाही. मला आजही या जागी सगळ्यात जास्त आनंद मिळतो.

हेच फुटेज घेऊन दुसरी टाइमलाइन करा. या वेळी प्रेक्षकाला दुसऱ्या माणसाची बाजू पटली पाहिजे. शब्द तेच, फक्त कोणाचा चेहरा कधी आणि किती वेळ दिसतो ते बदला. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं सुमारे शंभर वर्षांपूर्वी नटाचा तोच भावहीन चेहरा सूपची वाटी, शवपेटी अशा वेगवेगळ्या चित्रांशेजारी ठेवला, तेव्हा प्रेक्षकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या. तुमच्या स्वतःच्या टाइमलाइनवर हे घडताना बघाल तेव्हा कट म्हणजे काय ते कळायला लागेल.

आवाजाकडे आधी लक्ष द्या, चित्राकडे नंतर. सॉफ्टवेअरमधल्या आवाजाच्या मीटरवर बोलणं साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, शून्याला टेकू देऊ नका. चित्रीकरणाच्या जागी अर्धा मिनिट कोणी न बोलता नुसती शांतता रेकॉर्ड करून आणा. कटच्या जागी आवाजात खड्डा पडतो, तो तिनं भरता येतो.

एक्स्पोर्ट झाल्यावर लगेच दुरुस्तीला बसू नका. फाइल फोनवर घ्या, दुसऱ्या खोलीत जा आणि कागद-पेन घेऊन एकदाच, न थांबवता बघा. जिथे मन भरकटलं त्या जागेची वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी तो कागद समोर ठेवून टाइमलाइन उघडा.