पहिलं कॅप्चर कार्ड घेताना

कॅप्चर कार्ड म्हणजे कॅमेऱ्याचं किंवा कन्सोलचं एचडीएमआय चित्र कॉम्प्युटरमध्ये आणणारं यंत्र. आधी त्याला काय जोडणार ते ठरवा. कॅमेऱ्यावरून शिकवणी घ्यायची असेल तर १०८० पी (फुल एचडी), सेकंदाला ३० फ्रेम्स पुरे. कन्सोलवरचा गेम रेकॉर्ड करायचा तर ६० फ्रेम्स आणि टीव्हीकडे सिग्नल पुढे सोडणारं 'पास-थ्रू' हवंच. कॉम्प्युटरवरचं चित्र किंचित उशिरा दिसतं, ते बघून खेळता येत नाही.

खोक्यावरच्या '४के'ला भुलू नका. स्वस्त डोंगलवर तो आकडा बहुधा आत येणाऱ्या सिग्नलचा असतो, रेकॉर्डिंग १०८० पीच होतं. खरी गोम यूएसबीत आहे. यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. १०८० पी, ६० फ्रेम्सचं न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) चित्र साधारण २,००० मागतं. मग कार्ड चित्र दाबून पाठवतं आणि बारीक अक्षरांच्या, विशेषतः लाल रंगाच्या कडा फुटतात. ३.० चंच घ्या, आणि हबमध्ये न खुपसता थेट ३.० पोर्टात लावा.

नवखे हमखास अडकतात ते इथे:

- नुसता काळा पडदा: बहुतेकदा एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआयवरचं कॉपी रोखणारं कुलूप. पीएस५ (प्लेस्टेशन ५) च्या सेटिंग्जमध्ये ते बंद होतं. सेट-टॉप बॉक्सचं तसं नाही.
- चित्रावर बॅटरीचं चिन्ह, फोकसची चौकट: कॅमेरा 'क्लीन एचडीएमआय', म्हणजे अशा खुणांविना नुसतं चित्र, देतो का, हे खरेदीआधी बघा. केबल मिनी लागते की मायक्रो, तेही.

बिटरेट, कोडेक आत्ता नकोच. ओबीएस या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रिझोल्यूशन आणि फ्रेम्स स्वतः निवडा, दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि शेवटच्या मिनिटात ओठ नि आवाज जुळतात का ते पाहा.