परदेशी कंपनीने वितरण करार तोडला, तर वितरकाच्या हाती काय उरते?

प्रश्न : एका जर्मन कंपनीच्या पॅकेजिंग यंत्रांचे आणि सुट्या भागांचे भारतातील एकमेव वितरक म्हणून आम्ही नऊ वर्षे काम केले. करार तीस दिवसांत संपेल, असा ई-मेल गेल्या आठवड्यात आला. करारात नोटिशीची मुदत दिलेली नाही. मात्र जर्मन कायदा लागू होईल आणि लवाद फ्रँकफर्टला होईल, असे कलम आहे. कंपनीचे शेवटचे बिल अडवून ठेवावे का? भारतातील न्यायालयात जाता येईल का? गोदामातल्या मालाचे काय करावे?

उत्तर : बिल अडवू नका. त्याचे कारण पुढे येईलच. आधी जर्मन कायद्याच्या ज्या कलमाची आपल्याला धास्ती वाटते आहे त्याविषयी लिहितो, कारण माझ्या मते आपल्या करारातले सर्वांत उपयोगाचे कलम तेच आहे.

भारतात वितरण किंवा फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०६ नुसार एजंटाला वाजवी नोटीस द्यावी लागते. परंतु आपण माल स्वतः विकत घेऊन स्वतःच्या नावाने विकत होता, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एजंट नव्हता. शिवाय करार तीस दिवसांच्या नोटिशीने संपवता येत असेल, तर वितरकाला तेवढ्या दिवसांच्या उत्पन्नाइतकीच भरपाई मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात ठरवले. नऊ वर्षे खपून जोडलेल्या ग्राहकांचे मोल आपला कायदा वेगळे धरत नाही.

जर्मन वाणिज्य संहिता ते धरते. एजंटाने मिळवून दिलेल्या ग्राहकांचा लाभ करार संपल्यावरही कंपनीला होत राहणार असेल, तर कलम ८९-ब नुसार त्याला भरपाई मागता येते. शेवटच्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाचे कमिशन ही तिची कमाल मर्यादा. तेथील न्यायालये ही तरतूद वितरकालाही लावतात, पण त्यासाठी तो कंपनीच्या विक्रीव्यवस्थेत एजंटासारखा गुंतलेला असावा लागतो आणि ग्राहकांची माहिती कंपनीच्या हवाली करण्याचे बंधन त्याच्यावर असावे लागते. वादाचा मुद्दा बहुधा हे बंधनच ठरतो. म्हणून मासिक अहवालाचे कलम काढून वाचा. ग्राहकाचे नाव, यंत्राचा क्रमांक, शेवटची खरेदी असे रकाने भरून पाठवण्याची सक्ती त्यात असेल, तर ते पान आणि पाठवलेला प्रत्येक तक्ता जपून ठेवा. अर्थात वितरकाचा सगळा नफा हिशेबात येत नाही. साठवणूक आणि विक्रीची जोखीम यांचा वाटा वजा करून कमिशनसारखा उरणारा भागच धरतात.

खरी मेख कलम ९२-क मध्ये आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर काम करणाऱ्याचे हे संरक्षण करारानेच काढून घेता येते. ‘करार संपल्यावर कोणतीही भरपाई देय नाही’ अशा अर्थाचे वाक्य आपल्या करारात असेल, तर भरपाईचा दावा बव्हंशी तिथेच संपतो. ते नसेल, तर कलम ८९ मधील पाच वर्षांनंतरच्या सहा महिन्यांच्या नोटिशीचा आधारही घेता येतो आणि कंपनीचे तीस दिवस तोकडे पडतात.

आता बिलाविषयी. वितरकाच्या दोषामुळे, सबळ कारणाने करार तोडला गेला तर भरपाईचा हक्क जातो, आणि थकबाकी म्हणजे कंपनीला आयते दिलेले कारण. रागाच्या भरात ‘आम्हीच करार संपवत आहोत’ असेही लिहू नका. स्वतःहून करार संपवणाराही सहसा हा हक्क गमावतो. मागणी मात्र करार संपल्यापासून एका वर्षाच्या आत, लेखी करा.

भारतात दावा लावलात, तर लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ४५ खाली न्यायालय आपल्याला लवादाकडेच पाठवील. कलम ९ खालील अंतरिम दिलासा, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश, करारात तो वगळलेला नसल्यास, २०१५ च्या दुरुस्तीमुळे परदेशातील लवादाच्या बाबतीतही मागता येतो. पण वितरण चालू ठेवण्याचा आदेश मिळेल अशी आशा धरू नका, कारण मुळातच संपवता येण्याजोगा करार विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम १४ मुळे सक्तीने पाळायला लावता येत नाही.

रीतसर विकत घेतलेला शिल्लक माल, करारात वेगळे बंधन नसेल तर, आपण विकू शकता. दारावरच्या पाटीवरून आणि लेटरहेडवरून ‘अधिकृत वितरक’ हे शब्द मात्र करार संपण्याच्या दिवशीच उतरवा. लवादाचा खर्च मोठा असतो. म्हणून पहिले पत्र पाठवण्यापूर्वी करार एखाद्या जर्मन वकिलाला दाखवून कलम ९२-क पुरते तरी त्याचे लेखी मत घ्या.