सोलापूर-बार्शी रस्त्यावर रात्री गाडीसमोर जनावर आलं तर ब्रेक मारायचा की गाडी वळवायची?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नोकरी सोलापुरात, घर बार्शीला, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर एकटीनं कार घेऊन निघता आणि परवा नान्नजच्या पुढं हरणांचा कळप आडवा गेल्यापासून धास्ती बसली आहे. ब्रेक मारायचा की वळवायचं, हॉर्न द्यायचा का, आणि धडक बसलीच तर थांबायचं की निघून जायचं.

मी त्याच पट्ट्यात दूध संकलनाची गाडी चालवतो. एक फेरी तांबडं फुटायच्या आधी, एक दिवेलागणीला. जनावरं रस्त्यावर यायच्या वेळाही नेमक्या याच.

ब्रेकचं आधी सांगतो. ब्रेक जोरात आणि सरळ मारायचा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवायचं. एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पेडल पायाखाली थरथरतं, घाबरून पाय काढू नका, दाबूनच ठेवा. वळवायचं मात्र नाही. आपला रस्ता कसा आहे तुम्हाला माहीत आहे. डांबराची कड आणि साईडपट्टी यांत कुठं कुठं वीतभर फरक, पलीकडं बाभळी, आणि समोरून दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, त्यालाही एकच दिवा. वीस-तीस किलोचं हरीण चुकवायला गेलेला माणूस बाभळीवर किंवा त्या ट्रॉलीवर जातो. हरणाला धडक बसली तर बंपर, रेडिएटर, फार तर काच जाईल. म्हशीची गोष्ट वेगळी, ती चारपाचशे किलोची असते. पण तिथंही उत्तर ब्रेकच आहे, कारण धडकेच्या आधी जितका वेग उतरला तितकं वाचलं.

आता वेगाचा हिशोब. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. जनावर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ३३ मीटर नुसते कळण्यातच गेले. त्यानंतर कोरड्या डांबरावर थांबायला अजून पस्तीसेक मीटर. झाले जवळजवळ ७०. आणि लो बीमचा उजेड किती लांब पडतो? ४०-५० मीटर. म्हणजे जे दिसलं ते थांबण्याच्या टप्प्याच्या आतच दिसलं, हातात काही उरलं नाही. ६० ला हाच हिशोब ४५ मीटरवर येतो. त्यामुळं नान्नज ते वडाळा या टप्प्यात रात्री ६० च्या वर काटा नेऊ नका, पाऊस असेल तर त्याच्याही खाली. मागचा डिपर मारत असेल तर मारू दे, त्याला पुढं काढून द्या.

पण ब्रेक आणि वेग हे कुठलाही ड्रायव्हिंग स्कूलवाला सांगेल. रस्त्यावर शिकायला मिळतं ते असं, की जे जनावर दिसलं ते सहसा धडकत नाही. धडकतं त्याच्या मागचं. पहिलं गेलं की माणूस सुटकेचा श्वास टाकून पाय परत ॲक्सिलरेटरवर ठेवतो आणि तेवढ्यात दुसरं येतं. म्हणून एक दिसलं की दुसरं आहेच असं धरून चालायचं, आणि नजर गेलेल्या जनावरामागं न नेता ते जिथनं आलं तिकडं न्यायची.

आता कोण कसं वागतं ते बघा. तुम्ही पाहिलीत ती बहुतेक काळवीटं. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी झालं. माळढोक आता दिसणं म्हणजे नशीब, काळवीटं मात्र माळावर कळपानं असतात. त्यांची एक खोड आहे. गाडी शेजारून जायला लागली की उलटं माळात पळायचं सोडून ती गाडीच्या बरोबरीनं पळतात आणि पुढनं रस्ता कापायला बघतात. काळवीट ताशी ८० च्या आसपास पळू शकतं, तेव्हा शर्यत लावून उपयोग नाही. ती शेजारी पळताना दिसली की पाय काढा, वेग उतरू द्या, त्यांना पुढं जाऊ द्या. एकानं जिथनं उडी टाकली तिथनंच बाकीची येतात, एका ओळीत. शेवटचं जाईपर्यंत थांबा. आणि हाय बीम त्यांच्या तोंडावर ठेवू नका. डोळे दिपले की जनावर आहे तिथंच खिळून उभं राहतं आणि मग आपण म्हणतो, बघा कसं मुद्दाम उभं राहिलं.

रानडुकराची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. हरीण, गाय, कुत्रा यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला चमकणारा एक थर असतो, त्यामुळं दिवा पडला की लांबूनच दोन ठिपके दिसतात. डुकराच्या डोळ्यात तो थर नाही. अंगही मातकट काळं. साखर कारखाने सुरू झाले आणि ऊसतोड लागली की त्यांचा आसरा जातो आणि ती एका फडातून दुसऱ्या फडात जायला रस्ता ओलांडतात. पुढं मादी, मागं पिल्लं. दोन्ही बाजूंना ऊस असेल आणि एका बाजूचा नुकताच तुटलेला असेल तर तो पट्टा सावकाश काढा.

म्हशी संध्याकाळी घराकडं वळतात. काळ्या डांबरावर काळी म्हैस, अंधारात दिसतच नाही. हॉर्नचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नाही, फार तर उभी राहून तुमच्याकडं बघेल. अशी एखादी रस्त्यात असेल आणि तुमचा वेग चालण्याइतका उतरला असेल तर शेपटीच्या बाजूनं काढा, कारण दचकलं तरी जनावर पुढं जातं, मागं सरत नाही. पण त्याआधी बघा की ती मधेच का थांबली. बऱ्याचदा रेडकू मागं राहिलेलं असतं आणि ते आईकडं धावत येतं. अजून एक खूण आहे. गुराखी बहुतेक कळपाच्या मागं चालतो. म्हशी दिसल्या आणि माणूस दिसला नाही तर कळप अजून संपलेला नाही.

मेंढरांचं उलटं. तिथं धनगर बऱ्याचदा पुढं असतो, मागं बाई-माणसं, घोड्यावर बिऱ्हाड, आणि कुत्री कडेनं. मेंढरं तुटत नाहीत. मधनं गाडी घालायचा प्रयत्न केला तर निम्मी इकडं, निम्मी तिकडं होतात आणि इकडची तिकडं जाण्यासाठी थेट चाकाखाली येतात. गाडी उभी करा, दिवा खाली करा, दोन मिनिटं जातात, जाऊ द्या. घाईच्या नादात हॉर्न वाजवणाऱ्याला धनगराच्या ज्या शिव्या पडतात त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

पावसाळ्यात मोकाट गाई डांबरावर बसतात, बाकी सगळीकडं चिखल असतो म्हणून. पुणे-हैदराबाद हायवेवर त्या दुभाजकातल्या गवताला येतात. कण्हेर लावलेली असते कारण तिला जनावर तोंड लावत नाही, पण कण्हेरीच्या मधनं उगवलेल्या गवताचं काय करणार. शहरातली कुत्री मी धरत नाही, ती तुम्ही रोजच बघता. दुचाकीवर असाल तर पळवू नका, वेग कमी केला की निम्मी गंमत त्यांची तिथंच संपते.

हॉर्नचं एका वाक्यात सांगायचं तर लांबून एकदा, तोही छोटा, आणि जवळ आल्यावर अजिबात नाही.

आता धडक बसलीच तर. थांबायचं. पण तुम्ही एकट्या, रात्र, आणि आजूबाजूला वस्ती नसेल तर धडकेच्या जागीच खाली उतरायला पाहिजे असं नाही. धोक्याचे दिवे लावा, दारं लॉक, ११२ ला फोन करा. गाडी चालण्यासारखी असेल तर हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपाला किंवा धाब्याला नेऊन तिथनं फोन करा, पण तापमानाचा काटा बघत, कारण रेडिएटर फुटलेला असतो आणि कळत नाही. पाळीव जनावर जखमी असेल तर १९६२, त्यावर पशुवैद्यकीय फिरतं पथक मिळतं. हरीण, लांडगा, मोर, कोणतंही रानटी जनावर असेल तर वन विभागाचा १९२६. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमी जनावराला हात लावायला जाऊ नका, शिंग आणि लाथ दोन्ही लागतात. काळवीट मेलं असेल तर कुणीही कितीही आग्रह केला तरी ते डिकीत घालू देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, मेलेलंही सरकारचं. मांसापायी आयुष्यभराचं लफडं मागं लागेल.

गाय-म्हैस कुणाची तरी असते. मालक येतो, चार माणसं जमतात, आवाज चढतो. पैशाची बोलणी तिथंच रस्त्यावर करू नका, पोलीस येऊ द्या, नोंद होऊ द्या. समोरच्यानं मागितलं तर नाव-पत्ता द्यायला तुम्ही कायद्यानं बांधील आहात, मोटार वाहन कायद्याचं कलम १३२. त्याच कलमात जनावर म्हणजे काय त्याची यादी आहे: घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, शेळी, मेंढी. कुत्रा नाही. बार्शी रोडवर हत्ती किती येतात आणि कुत्री किती, ते ज्यानं त्यानं मोजावं.

पोलिसांकडची नोंद विम्यालाही लागते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचा खर्च खिशातनं. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर जनावराच्या धडकेचं नुकसान त्यात बसतं. गाडी हलवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, जनावराचा, गाडीचा, रस्त्याचा.

तुमच्या शुक्रवारबद्दल म्हणाल तर सहाला सुटून लगेच निघण्यापेक्षा साडेआठनंतर निघा, तोवर गुरं गोठ्यात गेलेली असतात. हरणं आणि डुकरं राहतात, पण निम्मा त्रास कमी. एखादी एसटी मिळाली तर तिच्या मागं राहा, फक्त चिकटून नको, चांगलं अंतर ठेवून. तिचे मोठे दिवे तुमच्या कामी येतात. मात्र एसटी गेली म्हणजे रस्ता मोकळा असं समजू नका. कळपाचा राहिलेला भाग कडेला तिच्या जाण्याचीच वाट बघत असतो.