एल्क-मूससाठी .३०८, .३०-०६ की मॅग्नम?

एल्क आणि मूस या मोठ्या हरणांच्या शिकारीसाठी पहिली मोठी रायफल घ्यायची आहे, मारा अडीचशे मीटरच्या आत, आजवर हाताळली ती फक्त हलक्या धक्क्याची लहान .२४३ (आकडा म्हणजे साधारण गोळीचा इंचातला व्यास), मग .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम यांतलं कुठलं काडतूस निवडावं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन्हींतलं जे सहज मिळतं ते घ्या. मॅग्नम तूर्त नको.

१८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी .३०८ मधून सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास सुटते, .३०-०६ मधून थोडी जास्त, मॅग्नममधून ९०० ने. पण रायफलचं वजन सारखं धरलं तर मॅग्नमचा धक्का .३०८ च्या जवळपास दीडपट बसतो. .२४३ ची सवय असलेला माणूस चारदोन बारांनंतर चाप ओढण्याआधीच अंग चोरायला लागतो, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटात जातो. पोटात लागलेलं जनावर तासन्‌तास चालत राहतं आणि पुष्कळदा सापडतच नाही.

काडतुसापेक्षा जास्त डोकं गोळीच्या बांधणीवर खर्च करा. लहान हरणांसाठीची पातळ आवरणाची गोळी एल्कच्या खांद्याच्या हाडावर आपटली तर वरच्यावर फुटते, आत पोचत नाही. शिशाचा गाभा आवरणाला पक्का जोडलेली बाँडेड गोळी किंवा सबंध तांब्याची गोळी हाड फोडूनही खोल जाते. तांब्याची घेतलीत तर १८० ऐवजी १६५ किंवा १५० ग्रेनचीही चालते. फक्त तिला उमलायला, म्हणजे जनावरात शिरल्यावर टोक पसरायला, वेग लागतो. वेग सेकंदाला साधारण ५५० मीटरच्या खाली गेला की बऱ्याच गोळ्या नीट उमलत नाहीत. .३०८ ची १८० ग्रेनची टोकदार गोळी अडीचशे मीटरवर अजून साडेसहाशेच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या अंतराला पुरून उरते.

'कारामोजो' बेल या जुन्या हत्ती-शिकाऱ्याने ७ मिमीच्या लहान ७×५७ काडतुसाने शेकडो हत्ती मारले, हा दाखला लहान कॅलिबरवाले हमखास देतात. तो न उमलणाऱ्या सॉलिड गोळ्या वापरायचा आणि हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे त्याला पाठ होतं, एवढं ते सांगत नाहीत. तरी त्याहून लहान, ६.५ मिमीच्या ६.५×५५ ने स्कँडिनेव्हियात शंभरहून अधिक वर्षं मूस पडतोय, हेही खरं.

शिकार जिथे करणार तिथला नियम आधी वाचा. जर्मनीत रेड डिअरला किमान ६.५ मिमी आणि १०० मीटरवर २००० जूल लागतात. आफ्रिकेत रानम्हैस किंवा हत्तीसाठी बऱ्याच देशांत .३७५ च्या खाली चालत नाही, पण तो वेगळाच विषय.

रायफल आली की दोनतीन प्रकारची काडतुसं बेंचवरून १०० मीटरवर चालवून बघा आणि ज्याच्या गोळ्या सगळ्यांत जवळजवळ पडतात तेच ठेवा. मग बेंच सोडून बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने २० सेंटिमीटरच्या वर्तुळावर मारा. ज्या अंतरापर्यंत एकही गोळी बाहेर जात नाही तेवढंच तुमचं अंतर, मग ते दीडशे मीटर का असेना.